जुन्या लॅगिंगमधून पुन्हा पुन्हा भुगा पडतो: ॲस्बेस्टॉसची शंका असलेल्या इन्सुलेशनचं समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. बॉयलरच्या किंवा गरम पाण्याच्या जुन्या पाइपाभोवती उष्णता धरून ठेवणारा लेप असतो, त्याला लॅगिंग म्हणतात; त्याखाली पांढरट-करडा भुगा पडतो. झाडून घेतला की काही दिवस बरे जातात, मग तो पुन्हा तिथेच. कुणी चिकटपट्टी गुंडाळतं, कुणी वरून सिमेंटचा हात फिरवतं. काही महिन्यांत पट्टी लोंबायला लागते आणि भुगा आधीपेक्षा जास्त पडतो. दुसरा प्रकार पोटमाळ्याचा: छतातल्या दिव्याच्या भोकातून किंवा माळ्याच्या झाकणाच्या फटीतून बारीक कण खाली येत राहतात.

भुगा परत येतो, कारण दर वेळी भुगा काढला जातो आणि तो पाडणारं कारण तसंच राहतं. साध्या धुळीच्या बाबतीत एवढ्याने फक्त वैताग झाला असता. पण आत ॲस्बेस्टॉस, म्हणजे पूर्वी इन्सुलेशनमध्ये मिसळलं जाणारं आणि श्वासातून गेलं तर घातक ठरणारं तंतुमय खनिज, असेल तर प्रत्येक झाडणं आणि प्रत्येक फसलेली डागडुजी नवे तंतू हवेत सोडते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी हात थांबवायचे, मग तपासणी, मग कारण शोधायचं आणि दुरुस्ती किंवा काढणं सगळ्यात शेवटी.

आधी हात थांबवा

झाडू नको, घरातला व्हॅक्यूम क्लीनर नको, कोरडं फडकं नको, पंखा तर नकोच. फुप्फुसात खोल जाणारे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. हवेच्या तपासणीत जो तंतू मोजला जातो तो ५ मायक्रोमीटरपेक्षा लांब आणि ३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक असतो. साध्या व्हॅक्यूमची पिशवी जाड भुगा धरून ठेवते आणि बारीक तंतू मागच्या झरोक्यातून खोलीभर सोडते. झाडल्यावर जड कण पटकन खाली बसतात, बारीक तंतू कित्येक तास तरंगत राहतात. म्हणजे खोली स्वच्छ दिसायला लागते त्याच वेळी तिथली हवा सगळ्यात वाईट असू शकते.

त्या भागातले पंखे, एसी, गरम हवेची यंत्रणा बंद करा आणि दार लावून घ्या. लहान मुलं आणि पाळीव प्राणी तिकडे जाऊ देऊ नका. पाइप गरम असेल तर आधी यंत्रणा बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, कारण गरम पाइपावर पाणी पडलं की वाफेने हात भाजतो आणि लेपही तडकतो. जवळ विजेची जोडणी असेल तर मेन स्विच बंद करा. मग १ लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचा एक छोटा चमचा मिसळून, हाताने दाबायच्या बाटलीतून पडलेल्या भुग्यावर बारीक तुषार सोडा. धार सोडू नका, धारेच्या जोराने भुगा उडतो. साबण हवाच, कारण नुसतं पाणी तंतूंच्या गुंत्यात नीट शिरत नाही. ॲस्बेस्टॉसचे पांढरं, तपकिरी, निळं असे प्रकार असतात; त्यातलं तपकिरी तर पाणी फारच कमी पितं. भुगा ओलसर झाला की त्यावर १५० मायक्रॉन जाडीचं पारदर्शक प्लास्टिक अलगद अंथरा आणि कडा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. तपासणीचा अहवाल येईपर्यंत ते उचलायचं नाही.

आजवर अनेकदा झाडून झालं असेल तर घाबरून आज रात्रीच सगळं ओरबाडून काढायला जाऊ नका. धोका एकूण किती तंतू किती काळ श्वासातून गेले यावर वाढतो. थोड्या वेळाच्या किरकोळ संपर्काने आजार होण्याची शक्यता कमी असते. उलट घाईने कोरडं काढताना एका दुपारी जेवढे तंतू उडतील तेवढे न हललेल्या लेपातून वर्षानुवर्षं उडत नाहीत. ॲस्बेस्टॉसमुळे होणारे ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसावर व्रण पडणं), फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (बहुधा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हे आजार दिसायला बहुधा दशकं लागतात, मेसोथेलिओमाला तर अनेकदा २० ते ५० वर्षं. त्यामुळे आज एक्स-रे काढून उद्याचं काही कळत नाही. झालेल्या संपर्काची तारीख आणि स्वरूप लिहून ठेवा, डॉक्टरांना सांगा. घरात कुणी धूम्रपान करत असेल तर ते सोडायला हे सगळ्यात मोठं कारण समजा, कारण धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस मिळून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढवतात.

हे ॲस्बेस्टॉसच आहे का?

नुसतं बघून ठरत नाही, अनुभवी डोळ्यालाही नाही. बघून फक्त शंका पक्की होते. पाइपाभोवती खडूसारखा पांढरा, अर्धगोल तुकड्यांचा जाड लेप आणि वरून कापडाचं आवरण असेल तर ते मॅग्नेशिया या पांढऱ्या मॅग्नेशियम संयुगाचं जुनं लॅगिंग असू शकतं. ‘८५ टक्के मॅग्नेशिया’ नावाने विकल्या गेलेल्या मालात उरलेले १५ टक्के बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसच असायचं. करड्या पन्हळी पुठ्ठ्याचे थर दिसले तर तेही संशयित. कोपराच्या वळणावर आणि व्हॉल्व्हभोवती हाताने थापलेला गिलावा असतो. सरळ भागात ॲस्बेस्टॉस नसलं तरी या गिलाव्यात असू शकतं, म्हणून वळणाचा नमुना वेगळाच घ्यावा लागतो. पोटमाळ्यात चकचकीत, अभ्रकासारखे, एकावर एक पापुद्र्यांचे सोनेरी-तपकिरी दाणे असतील तर ते व्हर्मिक्युलाइट, म्हणजे तापवून फुगवलेलं, भराव म्हणून वापरलेलं खनिज. पिवळी किंवा गुलाबी काचलोकर, दगडलोकर आणि कागदाचा लगदा यांत स्वतःहून ॲस्बेस्टॉस नसतं, पण खाली जुना थर दडलेला असू शकतो. वरचा थर पाहून निश्चिंत होऊ नका.

घर कोणत्या सालचं यावरून अंदाज येतो, निर्णय होत नाही. ब्रिटनमध्ये निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये, पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी आली. युरोपीय संघात २००५ पासून जवळजवळ सगळ्याच नव्या वापरावर बंदी आहे. काही देशांत पांढरं ॲस्बेस्टॉस आजही वापरात आहे. जिथे बंदी आली तिथेही गोदामातला जुना माल लगेच संपत नाही.

नमुना शक्यतो प्रशिक्षित माणसानेच घ्यावा. तसं कुणी मिळत नसेल, स्थानिक नियम परवानगी देत असतील आणि लेप जागच्या जागी घट्ट असेल, तरच घरच्या माणसाने घ्यायचा विचार करावा. खोलीत एकच माणूस, चेहऱ्यावर पी१०० किंवा पी३ (अतिबारीक कण अडवणाऱ्या दर्जाच्या) फिल्टरचा अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क, हातात वापरून टाकायचे हातमोजे, खाली प्लास्टिक. साधा कापडी मास्क निरुपयोगी आहे आणि एन९५ सुद्धा या कामाला पुरेसा मानला जात नाही. दाढी असेल तर कोणताही मास्क कडेला नीट बसत नाही. दोन्ही फिल्टर तळव्यांनी झाकून श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला ओढला गेला पाहिजे, कडेने हवा शिरली तर पट्टे पुन्हा बसवा.

थंड पाइपावरची जागा तुषाराने भिजवा, दोन-तीन मिनिटं मुरू द्या. मग बारीक सुरी हळूहळू फिरवत थेट धातूपर्यंत न्या आणि एक छोटा चमचाभर माल घ्या. वरवरचं कापड खरवडलं तर अहवाल निरुपयोगी, कारण ॲस्बेस्टॉस अनेकदा आतल्या थरात असतं. नमुना झिपच्या पिशवीत घाला, ती पुसून दुसऱ्या पिशवीत घाला आणि वर जागा व तारीख लिहा. भोक ओल्या भरणीने बुजवा. एकाच प्रकारच्या लॅगिंगचे निदान तीन वेगवेगळ्या जागचे नमुने द्यावेत, कारण एका नमुन्यात काही सापडलं नाही एवढ्याने लॅगिंग निर्धोक ठरत नाही.

व्हर्मिक्युलाइटच्या बाबतीत हे सगळं करत बसू नका. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या लिबी इथल्या खाणीतलं व्हर्मिक्युलाइट ॲस्बेस्टॉसने दूषित होतं. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, पण माल असंख्य घरांत आधीच पोचला होता. दूषण थोडं आणि विखुरलेलं असल्याने नेहमीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत ते सहज निसटतं. त्यामुळे जुनं व्हर्मिक्युलाइट दूषित आहे असंच धरून चालायचं.

भुगा परत का येतो

या भागाला वेळ द्या, पुनरावृत्तीचं उत्तर इथेच मिळतं. प्लास्टिकखाली भुगा नेमका कुठे आहे, रेषेत आहे की ढिगात, याचे फोटो काढा आणि बरोबर त्याच्या वर काय आहे ते टॉर्च तिरका धरून बघा. हात लावून, ठोकून बघायचं नाही.

*वळणाच्या किंवा लॅगिंगच्या टोकाखाली भुगा, वर बारीक भेग.* हे तापण्या-थंड होण्याचं काम. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण १२ मायक्रोमीटर वाढतं. ५ मीटरचा सरळ पाइप ६० अंशांनी तापला की ३.६ मिलिमीटर लांब होतो. लेप एवढा ताणला जात नाही, तो वळणावर तडकतो आणि प्रत्येक तापण्याबरोबर भेगेच्या कडा एकमेकींवर घासून पीठ पाडतात. तिथे सिमेंट किंवा प्लास्टर थापणं चुकीचं, कारण तोही कडकच असतो. तो शेजारी नवी भेग पाडतो आणि आपल्या वजनाने जुना लेप घेऊन गळून पडतो. इथे लवचिक कापडी आवरणच हवं.

*तपकिरी-पिवळे डाग, लेप फुगलेला किंवा मऊ.* ओल. बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या दांड्याजवळचं पॅकिंग झिरपतं किंवा एखादा आटे पाडलेला सांधा पाझरतो. मॅग्नेशियाचा लेप भिजला की मऊ होतो, वाळला की भुगा होतो. गळती न काढता वरून गुंडाळलं तर पाणी आत कोंडतं, पाइप गंजतो आणि सगळा भाग एकदम खाली येतो. मात्र प्लंबरला सरळ बोलावून ‘गळती काढा’ म्हणू नका. तो सांध्यापर्यंत पोचायला लेप पान्ह्याने फोडणार. आधी प्रशिक्षित माणसाने तेवढा भाग नियमाने काढायचा, मग प्लंबरने हात घालायचा.

*आधाराच्या पट्ट्यांखाली सारख्या अंतरावर छोटे ढीग.* कंपन. पंप सुरू करून पाच मिनिटं लांबून बघा. पाइप थरथरतो का? नळ किंवा यंत्राचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद होताना पाइपात धडधड होते का? ढिली झालेली पट्टी, पंपाखालचं झिजलेलं रबर, पाण्याचा झटका यांपैकी जे असेल ते आधी दुरुस्त करा. नाहीतर कितीही चांगलं आवरण दोन-चार वर्षांत तिथेच फाटेल.

*माणसाच्या उंचीवर, एकाच बाजूला घासलेलं.* कुणीतरी पाइपावर कपडे वाळत घालतं, खोकी टेकवतं किंवा दार त्यावर आपटतं. हे कारण सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. सामान हलवा, दाराला अडसर लावा.

*कुरतडलेल्या कडा, लेंड्या.* उंदीर लेपात घरटी करतात. आत जायची भोकं बंद केल्याशिवाय दुरुस्तीला अर्थ नाही. माळ्यातल्या सुट्या भरावात तर ते रोज नवा मार्ग खणतात.

*आधीच्या चिकटपट्टीच्या कडेने.* पट्टीचा डिंक उष्णतेने सैल होतो. पट्टी सुटताना वरचं कापड आणि त्याखालचा पापुद्रा घेऊन सुटते. लोंबणारी जुनी पट्टी ओढू नका, आहे तशी नव्या आवरणाखाली जाऊ द्या.

दोन कारणं एकत्रही असतात. कंपनाने सैल झालेल्या सांध्यातून गळती हा नेहमीचा जोड आहे.

दुरुस्ती कशी असली पाहिजे

हे काम प्रशिक्षित माणसाचं आहे, पण ते बरोबर होतंय का हे घरमालकाला कळलं पाहिजे. आवरण घालून दुरुस्ती तेव्हाच चालते जेव्हा लेप पाइपाला धरून आहे, कोरडा आहे आणि खराबी मर्यादित आहे. लेप पाइपापासून सुटून लोंबत असेल, ओला असेल किंवा लांबच्या लांब चुरत असेल तर वरून काहीही लावलं तरी ते टिकणार नाही. मग काढणंच योग्य.

यंत्रणा थंड, हवा खेळती ठेवणारी सगळी साधनं बंद, खाली १५० मायक्रॉनचं प्लास्टिक. खराब भाग साबणपाण्याने भिजवून सुटे तुकडे हाताने अलगद उचलतात, ओढत नाहीत. खोलगट जागी ॲस्बेस्टॉसविरहित भरणी. त्यावर लॅगिंगसाठी मिळणारं, डिंकात भिजवायचं काचकापड किंवा कॅनव्हास. प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे आणि कापड दोन्ही बाजूंना धडधाकट लेपावर निदान १५ सेंटीमीटर पुढे गेलं पाहिजे. डिंक पाइपाच्या तापमानाला टिकणारा आहे का, ते डब्यावर वाचा. नेहमीचा पांढरा सुतारी डिंक गरम पाइपावर सुटतो. पूर्ण वाळल्यावर सीलबंद करणारा लेप दोन हात. ऑइलपेंटचा एक हात मारून ‘सील केलं’ म्हणणाऱ्याला पुढे काम देऊ नका, रंग भुसभुशीत लेपाला धरत नाही.

धक्का लागणाऱ्या जागी वरून पत्र्याचं किंवा पीव्हीसीचं कवच हवं. ते बाहेरून पट्ट्यांनी आवळायचं. स्क्रू किंवा रिव्हेट मारले तर प्रत्येक भोकातून तंतू बाहेर येतात, आणि ही चूक चांगले कारागीरही करतात.

काम झाल्यावर प्लास्टिक, फडकी, हातमोजे सगळं ॲस्बेस्टॉसचा कचरा धरायचं. ओलं असतानाच १५० मायक्रॉनच्या पिशवीत भरून, तोंड पिळून दुमडून पट्टीने बांधायचं, पिशवी पुसून दुसऱ्या पिशवीत घालायची आणि वर ॲस्बेस्टॉस असल्याचं ठळक लिहायचं. पिशवी दाबून हवा काढू नका, त्या हवेबरोबर तंतू बाहेर येतात. ही पिशवी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, तिची विल्हेवाट स्थानिक घातक कचऱ्याच्या नियमाने होते. कपड्यांवरून वापरून टाकायचा अंगरखा आधी ओला करून उलटा गुंडाळत उतरवायचा, मास्क सगळ्यात शेवटी. कामाचे कपडे घरच्या धुलाई यंत्रात गेले तर तंतू घरभर पोचतात.

पोटमाळ्यातला सुटा भराव

इथे दुरुस्तीपेक्षा वाटा बंद करणं महत्त्वाचं. स्वयंपाकघरातला किंवा बाथरूममधला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू झाला की घरातला दाब थोडा कमी होतो आणि माळ्यातली हवा छताच्या फटींतून खाली ओढली जाते, कणांसकट. पंखा चालू असतानाच कण दिसतात का, हे तपासलं की कारण पक्कं होतं. छतातले दिवे, वायरींची भोकं, माळ्याच्या झाकणाची चौकट हे सगळं खालच्या बाजूने, माळ्यात न शिरता, सीलंटने बंद करा. गरम होणाऱ्या दिव्याभोवती उष्णता सोसणारं सीलंट लागतं. झाकणाला रबरी पट्टी लावा आणि वर जाणं थांबवा. माळ्यात सामान ठेवलेलं असेल तर ते आणायलाही जाऊ नका. जुन्या भरावावर नवं इन्सुलेशन पसरणं हाही उपाय नाही, पसरताना खालचं सगळं ढवळलं जातं.

सुटा ॲस्बेस्टॉस भराव किती चिवट असतो याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराचं. तिथे १९६८ ते १९७९ दरम्यान सुमारे हजार घरांच्या छतांत कुटलेलं तपकिरी ॲस्बेस्टॉस फुंकून भरलं गेलं. सरकारी खर्चाने ते एकदा काढून झालं, तरी नंतर भिंतींच्या पोकळ्यांत आणि जमिनीखाली तंतू सापडतच राहिले. शेवटी २०१४ मध्ये सरकारने ती घरं विकत घेऊन पाडायची योजना जाहीर केली. माळा ‘रिकामा केला’ म्हणून प्रश्न संपला असं मानू नका, पोकळ्या तपासल्याच पाहिजेत.

काढायचं ठरलं तर

परवानाधारक माणसांकडूनच काढा. काढणारा आणि हवा तपासणारा एकमेकांपासून स्वतंत्र असू द्या. काढणाऱ्यानेच ‘स्वच्छ’ म्हणून प्रमाणपत्र दिलं तर त्याला किंमत नाही. कामाची जागा प्लास्टिकने बंद करून आतला दाब बाहेरपेक्षा साधारण ५ पास्कलने कमी ठेवतात, म्हणजे फट राहिली तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. प्लास्टिक काम चालू असताना आत ओढलेलं दिसलं पाहिजे. ते सैल लोंबत असेल किंवा बाहेर फुगत असेल तर काम थांबवायला सांगा.

हे प्लास्टिकचे पडदे काढण्याआधी जागा पूर्ण कोरडी हवी, कारण ओल्या पृष्ठभागावर उरलेले कण दिसत नाहीत. टॉर्च तिरका धरून पाइपाची मागची बाजू, आधाराच्या पट्ट्यांचे कोपरे, भिंतीतून पाइप आरपार जातो ती भोकं बघा. काढल्यानंतरही भुगा येण्याचं कारण बहुधा याच तीन जागी सापडतं. त्यानंतर आत मुद्दाम हवा ढवळून नमुने घेतात. ब्रिटनमध्ये दर मिलिलिटर हवेत ०.०१ पेक्षा कमी तंतू ही मर्यादा धरतात. अहवालात आकडा लिहिलेला असला पाहिजे, नुसतं ‘समाधानकारक’ नको.

भिंतीच्या आत किंवा इतरत्र लॅगिंग तसंच ठेवलं असेल तर त्याचा नकाशा करून मीटरजवळ लावा आणि दिसणाऱ्या पाइपांवर दर काही अंतराने इशाऱ्याची चिठ्ठी चिकटवा. पुढे केबल टाकायला येणारा माणूस ड्रिल लावण्याआधी तीच वाचणार आहे. दुरुस्त केलेल्या भागाखाली गडद रंगाचं गुळगुळीत प्लास्टिक कायम ठेवा. पहिले सहा महिने दर महिन्याला, नंतर दर सहा महिन्यांनी त्याचा फोटो त्याच कोनातून काढा. त्यावर नवा भुगा दिसला तर तो पुसू नका. यंत्रणा थंड करा, तुषार मारा, झाका आणि कारणांची यादी पहिल्यापासून पुन्हा लावून बघा.